मदत हवी आहे: उपयोजित कलेचा अभ्यास आणि डिजिटल रेखाटन यांसाठी टू-इन-वन लॅपटॉप कोणता घ्यावा?

नमस्कार. माझी मुलगी यंदा मुंबईत उपयोजित कलेच्या पदवी अभ्यासक्रमाला जाणार आहे. तिच्यासाठी स्क्रीन मागे दुमडून टॅबलेटसारखा वापरता येईल आणि ज्यावर पेनने नीट चित्र काढता येईल, असा लॅपटॉप घ्यायचा आहे. ऐंशी ते नव्वद हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी आहे; मात्र पेन आणि अपघाती नुकसानीचा विमा याच रकमेत बसवायचा आहे. ज्यांनी अशा यंत्रावर काही काळ रोज रेखाटन केले आहे, त्यांचे मत मला विशेष मोलाचे वाटेल, कारण दुकानांतून आणि जाहिरातींतून जी माहिती मिळते ती बहुतेक प्रोसेसरविषयी असते आणि पेनविषयी जवळजवळ काहीच नसते.

तिची गरज नेमकी सांगते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा तिने दिलेल्या आहेत, हात तयार आहे, आणि पहिल्या वर्षी बहुतेक काम कागदावर व पोस्टर कलरमध्येच होणार आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तसे ते व्हावे अशीच माझीही इच्छा आहे. यंत्र हवे आहे ते कलेतिहासाची टिपणे काढण्यासाठी, संदर्भचित्रे समोर ठेवून कच्ची रेखाटने करण्यासाठी आणि पुढच्या वर्षांत बोधचित्रे, मुखपृष्ठे आणि अक्षररचना करण्यासाठी. देवनागरी सुलेखन हा तिचा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे पेनची रेघ कशी उमटते हा आमच्या दृष्टीने निवडीतला पहिला प्रश्न आहे.

आजवर जे वाचले आणि पाहिले त्यातून मला समजलेली गोष्ट अशी की, दोन लॅपटॉप बाहेरून सारखे दिसत असले तरी त्यांच्या काचेखालचे पेनचे तंत्र वेगळे असू शकते. चित्रकारांसाठी पेन टॅबलेट बनवणाऱ्या वॅकॉम कंपनीच्या विद्युतचुंबकीय अनुनादाच्या तंत्रात पेनमध्ये बॅटरी नसते. स्क्रीनखालचा थर पेनला ऊर्जा पुरवतो आणि त्याची जागा व दाब ओळखतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी बुक ३६० मालिकेतील एस पेन याच तंत्रावर चालते. दुसऱ्या प्रकारात पेनमध्ये बॅटरी असते आणि ते स्वतः संकेत पाठवते. मायक्रोसॉफ्टचे पेन या प्रकारातले आहे. मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस प्रो या टॅबलेट-लॅपटॉपच्या पहिल्या दोन पिढ्यांत वॅकॉमचे तंत्र होते, २०१४ च्या सरफेस प्रो ३ पासून एन-ट्रिग या कंपनीचे आले, आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते तंत्रच विकत घेतले. एचपीच्या एक्स३६० मालिकेतील अनेक लॅपटॉपांवर याच पद्धतीची पेने चालतात. एका तंत्राचे पेन दुसऱ्या तंत्राच्या स्क्रीनवर चालत नाही, त्यामुळे स्क्रीन निवडताना आपण पेनही कायमचेच निवडत असतो.

दाबाच्या ४०९६ पातळ्या हा आकडा जवळजवळ सगळेच छापतात, म्हणून त्यावरून काही ठरवता येत नाही. खरा फरक दिसतो तो सावकाश ओढलेल्या तिरप्या रेघेत. बॅटरीच्या पेनांपैकी काहींची अशी रेघ किंचित नागमोडी उमटते. वेगाने ओढली तर हा दोष लपतो, पण अक्षररचना वेगाने होत नाही. वॅकॉमच्या तंत्रात तिरपी रेघ सहसा स्थिर येते, मात्र स्क्रीनच्या अगदी कडेला टोक आणि उमटलेला बिंदू यांत थोडे अंतर पडू शकते. याखेरीज रेघ उमटण्यासाठी सुरुवातीला किती दाब द्यावा लागतो, हेही पाहावे लागते. तो दाब जास्त असेल तर छायांकनाच्या फिक्या, हलक्या रेघा हरवतात आणि चित्रकाराला नकळत हात जड करण्याची सवय लागते, याची मला खरोखर काळजी वाटते.

या कारणाने आम्ही दुकानात पाहण्यासाठी एक साधी कसोटी ठरवली आहे. पट्टी स्क्रीनवर तिरपी ठेवून सावकाश रेघा ओढायच्या, एक लांब शिरोरेषा एका दमात काढून तिच्याखाली ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’ अशी अक्षरे लिहायची, आणि हे करताना तळहात काचेवर पूर्ण टेकलेला ठेवायचा. शिरोरेषेचा उल्लेख मुद्दाम करते आहे, कारण रोमन अक्षरांत खपून जाणारी थरथर देवनागरीत लगेच डोळ्यांत भरते. अडचण अशी आहे की आमच्या सांगली-कोल्हापूर भागातील ज्या दुकानांत आम्ही गेलो, तिथे असे लॅपटॉप मांडलेले होते, पण त्यांच्यासोबत पेन कुठेच नव्हते. एका विक्रेत्याने तर बोट फिरवून पाहा, पेनही तसेच चालते, असे सांगितले. तो माणूस भला होता, पण या उत्तरावर एवढी मोठी रक्कम खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

स्क्रीनबाबत माझे मत बरेचसे पक्के झाले आहे. स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते; एनटीएससी हे स्क्रीनच्या रंगांची व्याप्ती मोजण्याचे एक जुने प्रमाण आहे. अशा स्क्रीनवर एसआरजीबीतील, म्हणजे संगणकावर सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या रंगसंचातील, साधारण दोन-तृतीयांशापेक्षाही कमी रंग दिसतात. रंगांचे शिक्षण घेणाऱ्या मुलीसाठी ती मी घेणार नाही. उंचीचे प्रमाणही तितकेच महत्त्वाचे आहे. १६:९ ची स्क्रीन उभी धरली की अरुंद पट्टीसारखी होते, तर ३:२ ची स्क्रीन ए-४ कागदाच्या आकाराच्या पुष्कळ जवळ जाते, आणि १६:१० त्या दोहोंच्या मधली ठरते.

मेमरीविषयी दुकानात ‘आठ जीबी पुष्कळ झाली’ असे ऐकायला मिळते. मी हिशेब करून पाहिला. ए-३ आकाराचे चित्र ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेलचे होते, आणि त्याच्या एका पूर्ण थराला (लेयरला) नेहमीच्या आठ-बिट रंगांत सुमारे ७० एमबी जागा लागते. चाळीस थरांचे भित्तिपत्रक केले तर एवढ्यातच पावणेतीन जीबीच्या आसपास खर्च होते. विंडोज, ब्राउझर आणि चित्रांचे सॉफ्टवेअर यांची गरज त्यावर वेगळी. अशा अनेक पातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य फलकावरच जोडलेली असल्यामुळे नंतर वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, या निष्कर्षावर मी आले आहे.

आयपॅड घ्या, असा सल्ला अनेकांनी दिला आणि त्यामागचे कारण मला पटते. तिथे पेनचा अनुभव उत्तम आहे, वजन कमी आहे आणि प्रोक्रिएट हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर फक्त तिथेच मिळते. परंतु मुलीला पुढे पानांच्या मांडणीसाठी इनडिझाइन शिकायचे आहे, आणि सुट्टीत ती गावातील ज्या मुद्रणालयात काम शिकू इच्छिते तिथे श्रीलिपी ही मराठी अक्षरजुळणीची प्रणाली वापरतात, जी विंडोजवर चालते. आयपॅड आणि लॅपटॉप असे दोन्ही घेणे आम्हाला शक्य नाही. चित्रांसाठी क्रिटा हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोजवर चांगले चालते व तिला ते आवडलेही आहे, तेव्हा सॉफ्टवेअरच्या खर्चाचा प्रश्न काही काळ तरी नाही. श्रीलिपीसारखे सॉफ्टवेअर चालणे गरजेचे असल्यामुळे स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवरच्या विंडोज लॅपटॉपांबद्दल मी साशंक आहे. त्यांची बॅटरी दीर्घकाळ टिकते, पण नेहमीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर तिथे रूपांतराच्या थरातून चालते आणि उपकरणांचे ड्रायव्हर मात्र त्या प्रोसेसरसाठी वेगळे लिहिलेलेच लागतात.

आता ज्या ठिकाणी माझा निर्णय अडला आहे, ते सांगते. ३६० अंशांत फिरणाऱ्या बिजागरीचा चौदा इंची लॅपटॉप साधारण दीड किलोचा असतो. तो मांडीवर किंवा हातात धरून फार वेळ चित्र काढता येणार नाही, हे उघड आहे. तो टेबलावर तिरपा उभा केला तर हाताच्या दाबाने मागे सरकतो का, आणि पूर्ण दुमडून आडवा ठेवला तर मान वाकवून तासन्‌तास काम करणे जमते का? सरफेस प्रोचा मागचा आधार हवा तितका खाली झुकवता येतो आणि चित्रासाठी तो कोन सोयीचा वाटतो, परंतु कळफलक आणि पेन वेगळे घ्यावे लागल्याने आमची मर्यादा ओलांडली जाते, शिवाय वसतिगृहात पलंगावर बसून टंकलेखन करताना तो स्थिर राहील असे वाटत नाही.

तिसरा मार्गही विचारात आहे. साधा पण चांगल्या स्क्रीनचा लॅपटॉप घ्यावा आणि त्याला वॅकॉम, ह्युऑन किंवा एक्सपी-पेनचा बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट जोडावा. यात पैसे वाचतात, लॅपटॉप बदलला तरी टॅबलेट राहतो, आणि काच फुटली म्हणून स्पर्शाच्या थरासकट संपूर्ण स्क्रीन बदलण्याची वेळ येत नाही. परंतु हात खाली आणि नजर समोर अशा रीतीने काम करावे लागते. रंगकामात ही सवय होते, असे सांगतात. बोरूच्या सुलेखनात जिथे टोकाचा कोन आणि कागद एकाच नजरेत असावे लागतात, तिथे ती कितपत होते, हे सुलेखन करणाऱ्या कोणी सांगितले तर मोठी मदत होईल.

आपल्यापैकी कोणी गॅलेक्सी बुक ३६० किंवा एचपीचा एक्स३६० चित्रांसाठी वापरला असेल, तर कृपया सावकाश ओढलेल्या रेघांचे किंवा हाताने लिहिलेल्या एखाद्या देवनागरी ओळीचे छायाचित्र द्यावे आणि बिजागरी वापरानंतर सैल झाली का, तेही लिहावे. तसेच मुंबईत लॅमिंग्टन रोड परिसरात किंवा पुण्यात पेन हातात देऊन अर्धा तास निवांत चित्र काढू देणारे दुकान माहीत असल्यास जरूर कळवावे. महाविद्यालय सुरू होण्यापूर्वी आम्ही दोघी खास त्यासाठी प्रवास करून येऊ.