स्टेथोस्कोप, आगबोट आणि चीनची भिंत

चित्रांवरून सिनेमा ओळखायच्या कोड्यात आज ही तीन चित्रं आहेत. त्यांवरून दोघांनी ‘आनंद’ ओळखलाय, पण त्यात आगबोट कुठे बसते? माझं उत्तर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, १९४६. सोलापूरकराला हे कोडं अवघड जाऊच शकत नाही! द्वारकानाथ कोटणीस आमच्याच गावचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यातले ते एक. १९४२ मध्ये तिकडेच वारले, वय अवघं ३२.

व्ही. शांतारामबापूंनी सिनेमाचं दिग्दर्शन केलंच, शिवाय कोटणीसही स्वतःच साकारले. अभिनेत्री जयश्रीबाई कोटणीसांची चिनी नर्स बायको झाल्या आहेत, संगीत वसंत देसाईंचं. जयश्रीबाईंचा चिनी मेकअप आज थोडा खटकतो, तरी शेवट मला आवरत नाही. नवरा गेल्यावर ती तान्ह्या बाळाला घेऊन सासरी येते. दूरदर्शनवर हा प्रसंग लागला की आमची आजी हातातली कडक भाकरी ताटात तशीच ठेवायची आणि पदर डोळ्याला लावून म्हणायची, “आली गं बाई सून घरी.”

सोलापूरला आलात तर त्यांच्या जन्मघरातलं स्मारक नक्की बघा. आता पुढचं कोडं टाका, शक्यतो प्रभात फिल्म कंपनीच्या काळातल्या सिनेमाचं.