प्रति: लाउंजची रया गेली

"पूर्वी लाउंज म्हणजे खास मान होता, आता कार्डवाल्यांची रांग" हे विमानतळावरच्या लाउंजबद्दल (विमानाची वाट बघत आरामात बसायची खास जागा) या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच खरं वाटतं. गर्दी झाली ती साध्या लाउंजमध्ये. बँकेच्या कार्डावरून दोन रुपये वळते करून पोहे-इडली मिळत असेल तर रांग लागणारच (आणि मीही त्या रांगेत असतो!).

फर्स्ट क्लासवाले मात्र कधीच बाजूला सरकलेत. निवडक लोकांना वेगळं बसवणं तसं जुनंच. १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अ‍ॅडमिरल्स क्लब नावाचं लाउंज काढलं, तेव्हा प्रवेश आमंत्रणावर होता, म्हणजे ओळखीचा मामला. सदस्यत्व विकणं नंतर आलं. म्हणजे ओळखीचा मामला. २००४ मध्ये जर्मनीच्या लुफ्तान्सा विमान कंपनीने फ्रँकफर्टला फर्स्ट क्लाससाठी चक्क वेगळं टर्मिनल सुरू केलं. सुरक्षा तपासणी, पासपोर्ट सगळं आतच, आणि विमानापर्यंत मोटारीने. तिथल्या न्हाणीघरातली रबरी बदकं जमवणारे हौशी लोकही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमान कंपनीच्या सिडनीतल्या फर्स्ट क्लास लाउंजमध्ये २००७ पासून मेनू बघून जेवण मागवायचं, शिवाय स्पा.

थोडक्यात, मोफत दारूचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. आता पैसे मोजले जातात ते बाकीचे प्रवासी दिसू नयेत म्हणून. मला विचाराल तर लुफ्तान्साची ती मोटार तेवढी हवीहवीशी वाटते.