मार्क कमी पडले की मनच शिव्या घालतं, काय करावं?

लातूरची पोरगी: मी इथं नीटचा क्लास करायलेय. टेस्टमधी मार्क पडले नाहीत की मनात सुरूच होतं, तू ढ आहेस, बापाचा पैसा वाया घालायलीस. हे बोल काकांचे आहेत, लहानपणी ते सगळ्या पाहुण्यांपुढं असंच म्हणायचे, आता ते गप्प हायेत पण माझं मनच तसं बोलायलंय आन् अभ्यासात लक्षच लागंना.

परभणीकर: ताई, आवाज कुणाचा हे तुला कळलं, हे लई मोठं काम झालं. अ‍ॅरन बेक नावाच्या डॉक्टरनं १९६० च्या दशकात अशा आपोआप येणाऱ्या विचारांवरच सीबीटी ही विचार-वागणं बदलायची मानसोपचाराची पद्धत उभी केली. वहीत लिही, काय घडलं, कोणतं वाक्य आलं, त्याला पुरावा काय आन् उलट पुरावा काय. "मी ढ आहे" यावर काहीच करता येत नाही, "रोटेशनची गणितं चुकली" यावर येतं.

नांदेडची मावशी: बाळा, जबरदस्तीनं मी हुशार मी हुशार घोकू नको, मन उलट भांडतं. मैत्रिणीला असे मार्क पडले असते तर तिला काय म्हणली असतीस? तेच स्वतःला म्हण. आन् झोप उडाली, जीव नकोसा वाटायला लागला तर वाट पाहू नको, टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीबी चालू असतं.

लातूरची पोरगी: वहीत काकांचं बोलणं पण लिहू का?

परभणीकर: लिही की, पण वेगळ्या पेननं.