मदत हवी आहे: हरिपाठाच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा, अपील करू का?

नमस्कार मंडळी. कॉपीराइटमधलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया सवडीनं वाचा. पोस्ट लांबली आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल.

आमचं गाव कराड तालुक्यात. गावच्या भजनी मंडळात माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, चाळीसेक वर्षं विणेकरी होते. २०२० साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या आषाढीला देऊळही बंद होतं. तात्या अस्वस्थ होऊन घरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी संध्याकाळी त्यांनी ओसरीवरच वीणा घेतली, आबांनी (माझे वडील) पखवाज काढला आणि दोघांनीच हरिपाठ म्हटला. मी तो मोबाइलवर टिपला आणि एका मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळावर टाकला. पुढे काकडा, पंचपदी, गौळणी असे साठेक व्हिडिओ झाले. दुबईतून, सुरतेतून, बेळगावातून लोक लिहायचे की रोज संध्याकाळी तुमचाच हरिपाठ लावतो.

तात्या गेल्या मार्गशीर्षात गेले. त्यांचा आवाज आता एवढाच उरलाय.

दीड महिन्यापूर्वी त्या ओसरीवरच्या हरिपाठावर दावा आला. एका संगीत कंपनीचं म्हणणं असं की ४ मिनिटं १२ सेकंदांपासून ६ मिनिटं ५० सेकंदांपर्यंतची 'चाल' त्यांच्या मालकीची आहे. त्यांचा अल्बम २०१९ चा. मी ऐकला. गायक दुसरे, वाद्यमेळ मोठा, मध्ये बासरीचे तुकडे. पण खालची चाल तीच, जी आमच्याकडे तात्यांच्या आधी त्यांचे गुरू म्हणायचे आणि आळंदीच्या वाटेवर कुठल्याही दिंडीत ऐकू येते.

मी हरकत घेतली. 'ही पारंपरिक वारकरी चाल आहे, शब्द ज्ञानेश्वर महाराजांचे आहेत' एवढंच लिहिलं. कंपनीला उत्तराला ३० दिवस असतात. सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं: दावा कायम. कारण काही नाही.

आता अपील करता येतं. पण तिथे स्पष्ट लिहिलंय की अपिलानंतरही कंपनी अडून राहिली तर ती व्हिडिओ काढायला लावू शकते आणि मग चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद, बसतो. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनेलच बंद. अपील नाही केलं तर व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे मात्र त्यांना जातात. पैसे किती? महिन्याला दोन पंगतींच्या चहाचे. प्रश्न पैशांचा नाहीच.

आबांना मी हे सांगायला नको होतं. ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. "म्हणजे आपण चोरी केली असं लिहिलंय का तिथं?" असं तीनदा विचारलं. मग म्हणाले, "प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाव असतंय. ज्ञानदेव म्हणे, तुका म्हणे, नामा म्हणे. कुणाचं हाय ते गाण्यातच सांगितलंय की. ह्यांचं नाव कुठल्या अभंगात हाय ते दाखवा म्हणावं."

एक कबुली आधीच देते. दुसऱ्या एका व्हिडिओवरही दावा आहे, वेगळ्या कंपनीचा. त्यात मंडळातल्या मुलानं तुकोबांचा एक अभंग म्हटलाय, पण ज्या चालीवर म्हटलाय ती एका नामवंत संगीतकारांची, रेडिओवरून घरोघरी गेलेली. तिथे त्यांचं खरं असावं असं मलाही वाटतं.

माझे प्रश्न: पारंपरिक चालीवर मालकी सांगता येते का? अपिलात काय लिहावं, पुरावा काय द्यावा? आणि यात पोलीस, कोर्ट असं काही मागे लागू शकतं का? शेवटचा प्रश्न आबांसाठी आहे.

प्रतिसाद

ताई, सोडून द्या. पैसे नाहीत म्हणता, व्हिडिओ दिसतोय म्हणता, मग कशाला अंगावर ओढवून घेता? माझ्या मेव्हण्याचं चॅनेल स्ट्राइकांत गेलं, सहा वर्षांचं काम. मोठ्यांशी भांडायला आपल्याकडे ना वेळ ना वकील. तात्यांचा आवाज राहू दे, ते महत्त्वाचं.

प्रतिसाद

वरच्या सल्ल्यामागची काळजी समजते, पण मला तो पटत नाही. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. एका नाट्यमंडळाच्या प्रकरणात हा कायदा मुळापासून वाचावा लागला होता, त्या आधारावर लिहितो.

ताई, एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. शब्द वेगळे, चाल वेगळी, ध्वनिमुद्रण वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. आधी ही मुदत ५० होती. रवींद्रनाथांचं साहित्य खुलं व्हायची वेळ आली तेव्हा १९९२ मध्ये ती दहा वर्षांनी वाढवली. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचं झालं. ज्ञानेश्वर महाराजांची समाधी १२९६ ची. शब्दांचा प्रश्न मिटला.

ध्वनिमुद्रण: त्यांच्या अल्बमवर त्यांचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं आहे आणि तो रास्त आहे. पण तुम्ही त्यांचं ध्वनिमुद्रण वापरलेलंच नाही. तुमचं मुद्रण तुमचं, आणि तात्यांच्या गायनावर कलाकार म्हणून त्यांचा स्वतंत्र हक्क आहे, ५० वर्षांचा. तो आता वारसांकडे. तेव्हा या व्हिडिओत मालक म्हणून आधी तुमचं घर येतं, हे आबांना जरूर सांगा.

राहिली चाल, खरी गाठ तिथे आहे. चाल ही संगीतकृती मानली जाते, संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणून तुमच्या त्या दुसऱ्या व्हिडिओला हरकत घेऊ नका, तुमचा अंदाज बरोबर आहे. अभंग साडेतीनशे वर्षांपूर्वीचा असला तरी चाल विसाव्या शतकातली. पण परंपरेनं आलेल्या चालीला ज्ञात कर्ताच नसेल, तर कुणी ती नव्यानं वाजवून मालक होत नाही. त्यात त्यानं स्वतः जे घातलं, वाद्यमेळ, मधले तुकडे, तेवढंच त्याचं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकालपत्रांच्या संपादित आवृत्त्यांबद्दल असंच सांगितलं होतं: मूळ निकाल सर्वांचे, संपादकानं स्वतःच्या कौशल्यानं केलेली भर त्याची. तुमच्या व्हिडिओत बासरीचे तुकडे नाहीत, म्हणजे त्यांची भर तुम्ही घेतलेली नाही. अपिलात हेच वाक्य लिहा. "पारंपरिक आहे" एवढं मोघम लिहिलं की समोरचा बघतही नाही.

पुरावा तारखेचा हवा. २०१९ च्या आधी ही चाल म्हटली जात होती, हे दाखवणारी एखादी कॅसेट, सप्ताहाचं चित्रण, काहीही.

पोलिसांचं: साध्या दाव्यावरून पोलीस दारात येत नाहीत. उलट कुणी बिनबुडाची कायदेशीर धमकी देत असेल तर कलम ६० खाली तुम्हीच दिवाणी कोर्टात दाद मागू शकता. फार वापरलं जात नाही, पण आहे.

एक मोह मात्र टाळा. धार्मिक विधीत गायला कायद्यात सूट आहे हे कुणीतरी सांगेलच. ती विधीतल्या प्रत्यक्ष सादरीकरणाला आहे, व्हिडिओ इंटरनेटवर ठेवायला नाही. तो मुद्दा घातलात तर चांगली बाजू कमजोर दिसेल.

प्रतिसाद

वकीलसाहेबांनी उत्तम सांगितलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, यंत्र काय करतं तेवढं सांगतो. कंपनी आपली गाणी त्या संकेतस्थळाला देते, यंत्र त्यांचा ठसा काढतं आणि चढणाऱ्या प्रत्येक व्हिडिओशी ताडून बघतं. सूर कसे चढतात-उतरतात याची आकृती जुळली की चालीचा दावा आपोआप लागतो. ती आकृती २०१९ ची की शंभर वर्षांपूर्वीची, हे यंत्राला कळायचा मार्ग नाही. जो आधी नोंदवेल तो मालक. आपली भजनी मंडळं कुठे नोंदवणार?

ही काढून टाकायची पद्धत मुळात अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आली आहे. तक्रार आली की आधी काढा, मग विचारा. आपल्याकडे नियम थोडे वेगळे आहेत: तक्रारीनंतर ३६ तासांत तो मजकूर लोकांना दिसणं थांबवायचं, पण २१ दिवसांत तक्रारदारानं कोर्टाचा आदेश आणला नाही तर मजकूर परत देता येतो. कागदावर हे बरंच न्याय्य आहे. प्रत्यक्षात परदेशी संकेतस्थळ आपल्या घरचेच नियम चालवतं.

म्हणून ताई, पुढच्या पायरीचंही आत्ताच ठरवा. स्ट्राइक बसलाच तर प्रतिनोटीस, म्हणजे व्हिडिओ चुकीनं काढला असं सांगणारं रीतसर उत्तर, देता येते, पण तीत तुमचं खरं नाव-पत्ता तक्रारदाराला जातो आणि अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. घाबरण्यासारखं नाही, पण माहीत असलेलं बरं. आणि आज रात्रीच सगळे साठ व्हिडिओ मूळ फाइलींसकट दोन हार्ड डिस्कवर उतरवा. एक घरी, एक दुसऱ्या गावी. तात्यांचा आवाज एका संकेतस्थळाच्या भरवशावर ठेवू नका.

प्रतिसाद

थोडं विषयाबाहेर, पण संबंध आहे. आधी कारवाई आणि मग चौकशी हे फक्त यंत्रंच करतात असं नाही. आपल्या कोर्टांतून 'अशोक कुमार' नावानं आदेश निघतात, म्हणजे अज्ञात प्रतिवादींविरुद्ध. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचा असा एक आदेश इंटरनेट कंपन्यांनी इतका सैल लावला की लोक आपले स्वतःचे व्हिडिओ ठेवतात अशी संकेतस्थळंही सरसकट बंद झाली. मग त्याच कोर्टाला सांगावं लागलं की नेमके पत्ते तेवढेच बंद करा. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तर संपूर्ण संकेतस्थळं बंद करायला नकार दिला, एकेक दुवा तपासून आणा म्हणाले. पायरसीमुळे निर्मात्याचं नुकसान होतं हे मला मान्य आहे, माझा भाऊ चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातच काम करतो. पण दावा करणाऱ्यानं आधी ऐकून, तपासून यावं, एवढी अपेक्षा कंपनीकडूनही असायलाच हवी. ज्यानं कारण न देता 'दावा कायम' लिहिलं त्यानं हा हरिपाठ ऐकलेलाच नाही.

आबांना आणखी एक सांगा. तुकोबांच्या काळातही सालोमालो नावाचे एक होते, दुसऱ्यांच्या अभंगांवर आपलं नाव घालायचे. तुकोबांनी त्याची तक्रार अभंगातच करून ठेवलीय, गाथेत आहे. बोलण्यात काही गैर नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातल्या दादांचेही, काळजीनंच लिहिलंत. पण काल रात्री आबांना सालोमालोचं वाचून दाखवलं, तर ते उठून गाथा घेऊन आले, चष्मा लावून अभंग शोधून काढला आणि मोठ्यानं म्हटला. मग जेवले. आणि म्हणाले, "कर अपील."

व्हिडिओ दोन डिस्कवर उतरवले, एक मामाकडे साताऱ्याला पाठवली. दुसऱ्या व्हिडिओचा दावा मान्य करून टाकला, त्या मुलालाही समजावलं.

पुराव्याचं असं झालं. माळ्यावर १९९४ च्या सप्ताहाची कॅसेट सापडली. कव्हरवर तात्यांच्या अक्षरात तारीख आहे. हरिपाठ आहे, चाल तीच आहे, पण फीत मध्ये ओली होऊन चिकटलीय आणि नेमका तोच भाग खरखरतो. कराडात एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे दिलीय. ते म्हणाले, ओढाताण केली तर तुटेल, हळूहळू सोडवतो.

म्हणून आता एवढंच मागते. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या कुणाकडे २०१९ च्या आधीचं हरिपाठाचं ध्वनिमुद्रण किंवा सप्ताहाचं, दिंडीचं चित्रण असेल, ज्यावर तारीख दिसते, तर कृपया ऐकून बघा. चाल ओळखायची खूण: दुसऱ्या अभंगानंतर ध्रुपद घेताना पखवाज थांबतो, दोन आवर्तनं नुसते टाळ चालतात, आणि 'हरि मुखे म्हणा'वर सगळे वरच्या पट्टीत एकदम उचलतात. सापडलं तर इथेच लिहा, मी संपर्क करेन. सोमवारी सकाळी अपील पाठवतेय, तोवर कॅसेट सुटली तर तीही जोडेन.