आडोसा नसलेली घरं: तुमचे अनुभव

परवा सोसायटीत कॅमेरा लागला, बरोबर आमच्या दारासमोर. खालच्या टीव्हीवर सगळं दिसतं. काल एकांनी विचारलंच, "रात्री उशीर झाला का ताई?" आणि मला नाशिकच्या तांबट लेनमधला सासरचा वाडा आठवला. एक खोली, मध्ये साडीचा पडदा, पलीकडे सासूबाई आणि दीर. चौकात सगळ्यांची मिळून एक मोरी. माहेरचं पत्र माझ्या हातात यायच्या आधी ओसरीवर वाचून झालेलं असायचं. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा अख्खा वाडा भेटून गेला, पण एकटीनं रडायला कोपरा मिळाला नाही. धुणं घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर गेले आणि तिथे रडले. तुम्हीही लिहा.

सिडकोवाली: पत्राचं अगदी अगदी! आमच्यात फोन मालकांच्या माजघरात. आईशी बोलायला लागले की सगळे गप्प बसून ऐकायचे, मग "बरंय ना? बरंय" एवढंच. सिडकोत आलो तर भिंतीला भिंत, मिक्सर लावला की "आज कसली चटणी?" पण मोरी स्वतःची. कडी लावून मोठ्यानं गाणी म्हणायचे. कुकर झाला, येते नंतर.

पंचवटीकर: आजी पहाटे चारला आंघोळ उरकायची, पुरुष उठायच्या आत. फ्लॅटमध्ये आल्यावरही शेवटपर्यंत चारलाच.

गोदाकाठ: रामकुंडावर कपडे बदलायला वस्त्रांतरगृह होतं, पण पर्वणीच्या गर्दीत तिथे पोचणार कोण? 2015च्या सिंहस्थात आम्ही बहिणी चादर धरून उभ्या, आत काकू लुगडं बदलतायत आणि पायऱ्यांवरून एकजण मोबाईल रोखून. काकू परत घाटावर आल्या नाहीत. आता पुन्हा सिंहस्थ आलाय. गर्दीसाठी कॅमेरे हवेतच, पण बायकांचे आडोसे आधी उभारा. फार राग येतो मला.

काळा कोट: आडोशाला कपडे बदलणाऱ्या बाईचं चोरून चित्रण हा 2013पासून स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 354-क होतं, 1 जुलै 2024पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं 77. लाजू नका, तक्रार करा. आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्कच आहे. 24 ऑगस्ट 2017ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलंय, पुट्टस्वामी खटल्यात.

मेनरोड: तांबट लेन म्हणजे रहाडीजवळ, त्या रंगाच्या हौदाजवळ का? मामा रंगपंचमीला तिथे उड्या मारायचे!

धागाकर्ती: हो, तीच! रहाड उघडली की आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची.

एकटा जीव: मी गंगापूर रोडला एकटा राहतो. मागे तापानं पडलो होतो, कुणाला पत्ताच नाही. मला वाड्याची फार आठवण येते.

सिडकोवाली: अहो दादा, आता बरे आहात ना? डबा लागला तर हक्कानं सांगा, माझा भाऊ तिकडेच असतो.

पंचवटीकर: ताई, कॅमेऱ्याचं काय झालं? आमच्याकडे लेखी अर्ज दिल्यावर जिन्याकडे वळवला.

धागाकर्ती: अर्ज आज देतेय. समोरच्या काकूंनीही सही केली, त्यांच्या लेकीची खोली त्यात सरळ दिसते.