आतड्यातले जिवाणू आणि साखर: आधी कॅप्सूल की आधी तंतू?

प्रश्न
एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१, पोटाचा घेर वाढलेला, जेवणातून तंतू (फायबर) दिवसाला जेमतेम १२ ग्रॅम. अशा वेळी प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जिवाणूंची) कॅप्सूल सुरू करावी का? तंतू एकदम ३० ग्रॅमवर नेले की पोट टम्म फुगतं. म्हणजे आतले जिवाणूच बिघडलेत का?

उत्तर १
बिघडलेले नाहीत, त्यांना सवय नाही. तंतू आंबवताना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटणारच. आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा, म्हणजे ३० पर्यंत जायला साधारण चार आठवडे लागतील. फुगलं तर मागे जाऊ नका, आहे त्याच मापावर आणखी एक आठवडा थांबा. पाणीही वाढवा, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतं.

हा खटाटोप कशासाठी? आंबवण्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. शिवाय ही आम्लं अस्तरातल्या एल-पेशींना चेतवतात, त्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवतं आणि जेवणानंतर इन्सुलिन सुटायला हातभार लागतो. तंतू मिळाले नाहीत तर काही जिवाणू अस्तरावरचा श्लेष्माच खायला लागतात. उंदरांमध्ये हे स्वच्छ दिसलं आहे.

उत्तर २
कॅप्सूलबद्दल: २०१२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी सडपातळ दात्यांचे जिवाणू चयापचय बिघडलेल्या पुरुषांच्या आतड्यात सोडले. सहा आठवड्यांनी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. पुढच्या प्रयोगात, १८ आठवड्यांनी पाहिलं तेव्हा तो फायदा उरला नव्हता. सबंध वसाहत नेऊन ही गत, मग कॅप्सूलमधल्या दोनचार जाती रोजच्या खाद्याशिवाय तग धरतील ही आशा फोल आहे.

आणखी एक चूक सर्रास होते. इसबगोल घेतलं की जिवाणूंची सोय झाली असं लोक धरून चालतात. इसबगोल चांगलंच आहे, त्याच्या बुळबुळीत जेलमुळे साखर हळू शोषली जाते, कोलेस्टेरॉलही उतरतं. पण ते फारसं आंबतच नाही. जिवाणूंचं पोट भरायचं तर कडधान्यं, ओट्स, कांदा, लसूण हवेत.

प्रश्नकर्ता
भात शिजवून थंड केला तर? परत गरम केल्यावर फायदा जातो का?

उत्तर ३
बराचसा टिकतो. थंड होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात. तो भाग लहान आतड्यात न पचता थेट जिवाणूंपर्यंत पोचतो. फ्रीजमध्ये १२ ते २४ तास ठेवा. मात्र अशा न पचणाऱ्या स्टार्चची वाढ माफक असते, त्यामुळे भाताचं प्रमाण वाढवायची ही सबब नव्हे.

भात ओट्यावर तासन्‌तास निवत ठेवू नका. पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रीजमध्ये जाऊ द्या. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याचं उलटी आणणारं विष एकदा तयार झालं की गरम करून जात नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर तंतू वाढवताना साखर जास्त वेळा मोजा. आकडे खाली यायला लागले की डॉक्टरांना दाखवून डोस ठरवून घ्या, परस्पर कमी करू नका.