मदत हवी आहे: रस्ता रुंद झाला आणि वेगमर्यादा ४० वर आली, विचारायचं कुणाला?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कृष्णाकाठचं, ऊसपट्ट्यातलं. तालुक्याला जायचा अकरा किलोमीटरचा रस्ता परवापरवापर्यंत एकपदरी होता. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की मुकाट्याने साइडपट्टीवर उतरायचं. खड्डे असे की वेगाची पाटी लावायची कुणाला गरजच पडली नाही. मग रस्त्याची दर्जोन्नती झाली, इतर जिल्हा मार्गाचा प्रमुख जिल्हा मार्ग झाला आणि शिमग्याच्या सुमारास दुपदरी रस्ता तयार. मधे, कडेला पांढरे पट्टे, रिफ्लेक्टर. पहिल्या रात्री ते चमकताना बघून आई म्हणाली, "इमानतळावर आल्यागत वाटतंय."

गणपतीनंतर लाल गोलातल्या ४० च्या पाट्या उभ्या राहिल्या. पाठोपाठ कॅमेऱ्याची गाडी. मी कारने ५८ ने चाललो होतो, दोन हजारांचं चलान आलं. ते भरून टाकलंय, त्याचं रडगाणं नाही. पण खड्ड्यांच्या रस्त्याला मर्यादा नव्हती आणि चांगल्या रस्त्याला ४०, हे गणित मला सुटेना.

आणखी एक. कालव्याच्या पुलाआधी डावीकडे वळण आहे, आतल्या बाजूला ऊस. तिथे मधली रेषा तुटक मारली आहे. तुटक म्हणजे पुढचं बघून ओव्हरटेक करा. बघायचं काय, ऊस? पट्टे मारले तेव्हा फड मोकळा होता, आरपार दिसायचं. आता डोक्याच्या वर गेलाय. शिवाय तिथेच रस्त्याची कड साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच राहिली आहे. मुरूम टाकलेलाच नाही. परवा एक पोरगा ट्रॉलीला बाजू द्यायला कडेच्या पट्ट्याबाहेर गेला आणि स्कूटरसकट खाली. गुडघ्यावर निभावलं.

एका कार्यालयात गेलो तर म्हणाले रस्ता आता आमच्याकडे नाही. दुसऱ्यात गेलो तर म्हणाले अजून ताब्यात आलेला नाही. तर ४० कोण ठरवतं? रेषा कोण बदलून देतं? अर्ज कुणाच्या नावे करू?

पारावरचा
आमच्याकडेही ४० ची पाटी आली होती. आठवड्यात तिच्यावर एका भावी सदस्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. आता मर्यादा भाऊंच्या वयाइतकी समजतो.

खडीसाखर
बांधकाम खात्यात हयात गेली, म्हणून लिहितो.

आधी पाटीचं. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा रस्त्यावर कारला कमाल ७० आणि मोटरसायकलला ६०. त्याखाली आणायचं असेल तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. राज्य शासनाने किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाने राजपत्रात अधिसूचना काढायची आणि जागेवर पाटी लावायची, दोन्ही. महिन्याच्या आतली मर्यादा असेल तरच अधिसूचनेतून सूट. तुमच्या पाट्यांना महिना उलटून गेला, तेव्हा अधिसूचनेची प्रत माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. कॅमेऱ्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७अ वाचा. कॅमेरा लावलाय तिथे वाहनचालकाला इशारा देणारा फलक हवा.

प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. पण जिल्हा परिषदेकडून हस्तांतरण कागदावर झालंय का, तेही त्याच अर्जात विचारा. टोलवाटोलवी तिथेच चालते. रेषेचा आणि साइडपट्टीचा अर्ज उपअभियंत्याच्या नावे, प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, चालू असेल तर साइडपट्टीचा मुरूम त्याच्याकडूनच भरून घेता येतो, खात्याला वेगळा पैसा लागत नाही.

आता जरा कडू. रुंदी वाढली म्हणजे वेग वाढवावा, असं नसतं. जमीन संपादन न करता जुन्याच आखणीवर रस्ता रुंद करतात, वळणं आजोबांच्या बैलगाडीचीच राहतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसच्या हिशोबाने ताशी ४० ने येणाऱ्याला थांबायला पुढचा ४५ मीटर रस्ता दिसायला हवा, ६५ ला ९० मीटर, ८० ला १२०. ओव्हरटेकला तर ४० च्या वेगालाही १६५. चिडण्याआधी तुमच्या वळणावर टेप लावून बघा. डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर धरायचा. उभं राहून बघाल तर जास्त दिसेल आणि फसाल.

धागाकर्ता
खडीसाखर काका, आभार. आज पहाटे भाच्याला घेऊन गेलो. तो उसाच्या कडेने पुढे चालत गेला, मी स्कूटरवर बसून बघत राहिलो. दिसेनासा झाला तिथे दगड ठेवला. ५२ मीटर. दोनदा मोजलं.

म्हणजे त्या वळणावर ४० बरोबरच आहे. मीच तिथून रोज साठने जात होतो, हे भाच्यासमोर कबूल करावं लागलं. १६५ चा मात्र तिथे प्रश्नच नाही, रेषा अखंडच हवी. उरलेल्या सरळ अडीच किलोमीटरवर ४० का, हे माहिती अधिकारात विचारतोच.

आता एक शंका. अर्जात ५२ चा आकडा लिहू, की त्यांनाच येऊन मोजा म्हणू? गावात ऊसतोडीची टोळी उतरली आहे. पंधरा दिवसांत तो फड तुटला की साहेब येतील, आरपार बघतील आणि म्हणतील, काय अडचण आहे इथं?

खडीसाखर
आकडा लिहा. दगडाचा आणि उसाचा फोटो तारखेसकट जोडा. आणि अर्ज उद्याच द्या. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय हलू नका.